पाणी त्यांच्या टाकीत, बिल आमच्या माथी

२६ जून २०२५ च्या रात्री मध्य प्रदेशात रतलामजवळ मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या एका पंपावर डिझेल भरून निघाल्या आणि थोड्याच अंतरावर एकामागोमाग एक बंद पडल्या. माणसांनी त्या ढकलत कडेला लावल्या. टाक्या खोलल्या तेव्हा डिझेलबरोबर पाणी निघालं. एका गाडीत भरलेल्या २० लिटरमधलं निम्मं पाणीच होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. अधिकारी तातडीने पंपावर पोचले, नमुने घेतले, पंपाला सील ठोकलं. इंदूरहून दुसऱ्या गाड्या मागवल्या आणि दुसऱ्या दिवशीचा मुख्यमंत्र्यांचा कार्यक्रम सुरळीत पार पडला. पंपाकडून कारण पुढे आलं ते पावसाचं: पावसाचं पाणी टाकीत झिरपलं.

रतलामच्या प्रशासनाने त्या रात्री जे केलं ते योग्यच केलं. तक्रार आली, त्याच रात्री पंप गाठला, विक्री थांबवली, पुरावा ताब्यात घेतला. कायद्याला हेच अपेक्षित आहे. माझा संताप आहे तो यावर, की एवढी साधी, कायद्यात बसणारी कारवाई व्हायला मुख्यमंत्र्यांचा ताफा बंद पडावा लागतो. त्या टाकीचं पाणी काही ताफ्यासाठी राखून ठेवलेलं नव्हतं. ताफा त्या रात्री दुसऱ्या पंपावर गेला असता तर हेच डिझेल एखाद्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये, एखाद्या भाजीच्या टेम्पोत गेलं असतं. त्या माणसाने रात्री अकरा वाजता पंपावर जाऊन सांगितलं असतं की तुमच्या डिझेलमध्ये पाणी आहे, तर त्याला काय उत्तर मिळालं असतं? मला ते उत्तर माहीत आहे, कारण मला ते मिळालेलं आहे.

गेल्या पावसाळ्यात महामार्गावरच्या एका पंपावर मी टाकी फुल केली. चार-पाच किलोमीटर गेलो असेन, गाडी झटके मारायला लागली, पिकअप गेला, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि चढावर गाडी उभी राहिली. मागे ट्रकांची रांग, धो धो पाऊस, गाडीत घरची वयस्कर माणसं. टो करून गाडी जवळच्या गावातल्या गॅरेजला नेली. मेकॅनिकने पाइप सोडून थोडं पेट्रोल पारदर्शक कॅनमध्ये घेतलं, कॅन उजेडात धरला आणि म्हणाला, “दादा, टाकी उतरवावी लागणार.” कॅनमध्ये वर केशरी पेट्रोल होतं आणि खाली पाण्यासारखा स्वच्छ, वेगळा थर. त्या खालच्या थराला स्पिरिटचा वास येत होता. पुढे टाकी धुणं, फिल्टर, प्लग, टाकीतला फ्युएल पंप, इंजेक्टरची सफाई, टोइंगचे पैसे असं मिळून बिल २० हजारांच्या वर गेलं.

मी कॅन घेऊन पंपावर परत गेलो. मॅनेजर म्हणाला, “साहेब, सकाळपासून एवढ्या गाड्या भरल्या, एकाची तक्रार नाही. तुमच्याच टाकीत पाणी असेल. गाडी धुतली होती का?” मी म्हटलं, माझ्यासमोर टाकीत डिप मारून, म्हणजे मोजायची सळई बुडवून, दाखवा. “ते गिऱ्हाइकाला दाखवत नाही, कंपनीचं काम आहे.” डिपचं रजिस्टर दाखवा म्हटलं तर रजिस्टर मालकाच्या घरी होतं. तक्रार लिहून दिली. कंपनीचे अधिकारी आले ते बऱ्याच दिवसांनी. तोवर त्याच जमिनीखालच्या टाकीत नवे टँकर खाली झाले होते आणि मला जे पेट्रोल मिळालं त्याचा उरलेला साठा लोकांच्या गाड्यांत जाऊन संपला होता. अधिकाऱ्यांनी घेतलेला नमुना अर्थातच ठीक निघाला. तक्रार निकाली काढल्याचा संदेश मोबाइलवर आला. पंपाचं आणि कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका पंपाचा नाही. हे जसंच्या तसं कुठेही घडू शकतं, कारण सगळी व्यवस्थाच अशी लावलेली आहे की पाण्याचा पुरावा नेहमी विकणाऱ्याच्या ताब्यात राहावा आणि पाण्याचा खर्च नेहमी विकत घेणाऱ्याच्या खिशातून जावा.

त्या स्पिरिटच्या वासात सगळी गोष्ट आहे, म्हणून ती नीट समजून घेऊ.

पंपाची टाकी जमिनीखाली असते. साधारण २० हजार लिटरची एक टाकी धरा. तिच्यातून पेट्रोल ओढणारा पाइप तळाला टेकलेला नसतो, काही इंच वर असतो. वर्षानुवर्षं पेट्रोल निव्वळ पेट्रोल होतं तोवर टाकीत थोडं पाणी शिरलं तरी ते जड असल्यामुळे तळाशी बसायचं. १०-२० लिटर पाणी शिरलं तर १०-२० लिटरच राहायचं, पाइपच्या तोंडाखाली पडून राहायचं, पंपवाला सकाळी डिप रॉडला पेस्ट लावून बघायचा आणि पाणी दिसलं तर उपसून काढायचा.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. २०३० साठी ठरवलेलं २० टक्क्यांचं लक्ष्य २०२५ वर आणलं गेलं आणि गाठलंही गेलं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. थोडं पाणी आलं तर ते पेट्रोलमध्ये विरघळून जातं, दिसतही नाही. १० टक्क्यांच्या मिश्रणात ही मर्यादा साधारण अर्ध्या टक्क्याची, म्हणजे २० हजार लिटरच्या टाकीत शंभरेक लिटर पाण्याची. २० टक्क्यांच्या मिश्रणात, म्हणजे ई-२० मध्ये, ती आणखी जास्त. पण मर्यादा ओलांडली, किंवा रात्री गारवा येऊन तीच मर्यादा खाली आली, की मिश्रण फुटतं. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जातं आणि दोघांचा मिळून एक थर तळाशी बसतो. हा थर मूळ शिरलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. २० हजार लिटर ई-२० मध्ये ४ हजार लिटर इथेनॉल असतं हे लक्षात घ्या. त्यातला मोठा वाटा तळाशी उतरला तर तो थर पाइपच्या तोंडाच्या वर जाणारच. मग नोझलमधून तुमच्या गाडीत पेट्रोल येत नाही, स्पिरिट आणि पाणी येतं. आणि ज्यांना वरचं पेट्रोल मिळतं त्यांनाही इथेनॉल निघून गेल्यामुळे कमी ऑक्टेनचं, प्रमाणाबाहेरचं पेट्रोल मिळतं.

पूर्वी जी गळती माफ होत होती ती आता माफ होत नाही. चेंबरचं झाकण नीट बसत नाही, फिल पाइपच्या टोपीचा वॉशर गेलाय, जुन्या टाकीला गंज लागलाय, या गोष्टी निव्वळ पेट्रोलच्या काळात चालून जायच्या. आता त्या चालत नाहीत, हे तेल कंपन्यांना इथेनॉलचा पहिला टँकर निघण्याच्या आधीपासून ठाऊक आहे. जगभरच्या तेल उद्योगाला ठाऊक आहे. मिश्रणाचा वेग ठरवणाऱ्यांनी टाकीच्या झाकणांचा वेग त्याच्याशी जुळवला का, हा प्रश्न विचारायला हवा होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ई-२० वरून देशभर वाद झाला, १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. पण सगळा वाद मायलेज किती पडतं आणि जुन्या गाडीचं रबर टिकतं का यावर झाला. पंपाच्या टाकीतल्या पाण्याबद्दल कुणी फार बोललं नाही.

इथेनॉलला माझा विरोध नाही. आपल्याकडच्या साखर कारखान्यांना आणि त्यामागच्या ऊस उत्पादकांना त्याने हातात रोख पैसे दिले, हे मी जवळून पाहिलं आहे. आणि शास्त्र म्हणून बघितलं तर इथेनॉल स्वतः पाणी घेऊन येत नाही. मिश्रणासाठीचं इथेनॉल जवळपास पूर्ण निर्जल असावं लागतं, तसं मानकच आहे. पाणी येतं ते निष्काळजीपणातून. म्हणूनच “इथेनॉलमुळे असं होतं, आम्ही काय करणार” हे पंपावर ऐकू येणारं उत्तर मला सगळ्यात जास्त चीड आणतं. इथेनॉलमुळे काळजी दहापट घ्यावी लागते, हे खरं. ती काळजी ज्याने घ्यायची त्याने तेच कारण सुटकेसाठी पुढे करायचं, हे अजिबात चालणार नाही.

पंपांवर लावलेले फलक तुम्ही वाचले असतील. पेट्रोल इथेनॉलमिश्रित आहे, गाडी धुताना किंवा पावसात आपल्या टाकीत पाणी जाणार नाही याची ग्राहकांनी काळजी घ्यावी, अशा अर्थाचे. सूचना म्हणून त्यात चूक नाही. पण मॅनेजरने मला विचारलं ते नेमकं या फलकाच्या आधारावर. फलक आधीच सांगून ठेवतो की पाणी आलं तर ते तुमच्याकडून आलं. गाडीच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं, आत झडप असते. धुताना त्यातून अनेक लिटर पाणी शिरावं हे गाडीच्या रचनेतच बसत नाही. जमिनीखालची, पावसात चेंबर तुंबणारी टाकी त्यांची. इशारा मात्र आम्हाला. मला त्या भिंतीवर दुसरा फलक हवा आहे: आमच्या टाकीत आज सकाळी पाणी किती होतं, कोणी तपासलं, किती वाजता.

कारण ग्राहकाला ज्या तपासण्यांचा हक्क दिलाय त्यांतली एकही पाणी पकडत नाही. हे मला स्वतःच्या तक्रारीच्या निमित्ताने कळलं आणि मी थक्क झालो. पाच लिटरचं माप मागता येतं, त्याने माप कळतं. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी पंपांवरच्या मशिनमधल्या माप मारणाऱ्या चिपा उघडकीला आणल्या, तेव्हापासून लोक शून्य बघायला, माप मागायला शिकले. पण पाण्यासाठी मशिनवर कुठला आकडा नाही. फिल्टर पेपरवर थेंब टाकायची चाचणी आहे, ती रॉकेलसारखी जड भेसळ डाग सोडते म्हणून. पाणी डाग सोडत नाही. डेन्सिटी विचारता येते. टँकरच्या चलनावरची डेन्सिटी आणि पंपावरची डेन्सिटी यांत घनमीटरला ३ किलोपर्यंतचा फरक मान्य धरला जातो. आता हिशेब करा. पेट्रोलची घनता साधारण ७४५ धरली आणि पाण्याची १०००, तर १ टक्का पाणी मिसळल्यावर घनता अडीच किलोने वाढते. म्हणजे २० हजार लिटरमागे २०० लिटर पाणी असलं तरी डेन्सिटीचा आकडा मान्य मर्यादेत राहू शकतो. पाणी दाखवणारी तपासणी एकच: टाकीत डिप रॉड, त्यावर पाणी ओळखणारी पेस्ट. तीही इथेनॉलसाठीची वेगळी हवी, जुनी साधी पेस्ट या थराला फसते. आणि नेमकी हीच तपासणी “गिऱ्हाइकाला दाखवत नाही.”

मालक सांगतील, आता डिप रॉडचा जमाना गेला, टाकीत ऑटोमॅटिक गेज बसवलंय. बरोबर. सरकारी तेल कंपन्यांच्या बहुतेक पंपांवर ऑटोमेशन आहे. टाकीतला साठा, त्याची पातळी, विक्री, सगळं कंपनीच्या संगणकावर दिसतं. पाण्याची पातळीही याच यंत्रणेने मोजली जाते. मग मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोलचा दर रोज सकाळी सहाला बदलता येतो. कंपनी मुख्यालयातून आकडा बदलते आणि रत्नागिरीपासून गडचिरोलीपर्यंतच्या मशिनवर तो दिसतो. दर वाढवायला जी तार मुख्यालयापासून नोझलपर्यंत पोचते, ती पाणी वाढल्यावर नोझल बंद करायला का पोचत नाही? पाण्याची पातळी ठरावीक इंचावर गेली की विक्री आपोआप थांबवणं हे आजच्या तंत्राला अवघड नाही. आणि गेजचा तरंगता फ्लोट निव्वळ पाण्यासाठी बनवलेला असेल, तर इथेनॉल-पाण्याचा हलका थर त्याला उचलणार नाही. त्यासाठी वेगळा फ्लोट मिळतो. तो प्रत्येक ई-२० टाकीत आहे का? असेल तर माझ्या गाडीत पाणी कसं आलं? नसेल तर २० टक्क्यांचा टप्पा कशाच्या भरवशावर गाठला?

गाड्यांचं काय झालंय तेही बघा. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं. दुचाकींमधला कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. पूर्वी मोटारसायकलच्या पेट्रोलमध्ये पाणी आलं तर नाक्यावरचा मेकॅनिक कार्ब्युरेटरचा खालचा स्क्रू सैल करून ते काढून टाकायचा, २० मिनिटांचं काम, थोडे पैसे. आता तीच मोटारसायकल बंद पडली तर टाकीतला पंप काढावा लागतो, इंजेक्टर काढावा लागतो, ते काम येणारा माणूस तालुक्याला शोधावा लागतो. घरोघर जेवणाची पार्सलं पोचवणारी पोरं या गाड्यांवर जगतात. त्यांची एक दिवस गाडी बंद राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते आणि वर दुरुस्तीचं बिल.

डिझेलचं तर याहून वाईट. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने इंजेक्टरमधून जातं आणि हाय प्रेशर पंपाच्या आतल्या भागांना वंगण म्हणून तेच डिझेल लागतं. त्याजागी पाणी गेलं की धातूवर धातू घासतो. फिल्टरला पाणी वेगळं करायची सोय असते, ती थोड्या ओलाव्यासाठी असते. लिटरने पाणी आलं तर ती भरून वाहते. पंप आणि चार इंजेक्टर बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या पुढे जातो. छोट्या टेम्पोवाल्याच्या हप्त्यांच्या वहीत हा लाख कुठे बसवायचा?

आणि कुणीच त्याच्यामागे उभं राहत नाही. गाडीच्या कंपनीकडे जा, वॉरंटीत भेसळीच्या किंवा दूषित इंधनाने झालेलं नुकसान बसत नाही, असं पुस्तिकेत छापलेलं असतं. विमा कंपनीकडे जा, नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. जादा हप्त्याचं इंजिन संरक्षण घेतलं असलं तरी ते पुराच्या पाण्यासाठी, पंपाच्या पाण्यासाठी नाही, असं सांगतात. पंपवाला म्हणतो टँकरमधूनच आलं असेल. टँकरवाला म्हणतो डेपोचं सील शाबूत होतं. डेपो म्हणतो आमचा नमुना पास आहे. कंपनी म्हणते विक्री डीलरने केली. या साखळीत प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याकडे दाखवायला कागद आहे. फक्त ज्याच्या गाडीत पाणी गेलं त्याच्या हातात गॅरेजचं बिल आहे.

डीलरांची बाजू मला माहीत आहे. कमिशन तुटपुंजं, पगार, वीज, टँकरची घट, आणि सरकारी तेल कंपन्यांच्या बहुतेक पंपांवर जमिनीखालची टाकी आणि मशिन कंपनीची असतात. टाकी गंजली तर बदलायचा निर्णय कंपनीचा. डीलर कंपनीला पत्रं लिहून थकतात, हेही खरं असेल. तर मग त्यांनी ती पत्रं बाहेर काढावीत. ग्राहकाला “गाडी धुतली होती का” असं विचारण्याऐवजी सांगावं, की आम्ही अमुक तारखेला टाकीबद्दल कळवलं होतं, हे घ्या पत्र, कंपनीवर दावा करा. जो डीलर असं करेल त्याच्या बाजूने मी उभा राहीन. ज्याने पाणी माहीत असून किंवा तपासायचं टाळून विक्री चालू ठेवली, त्याच्याबद्दल मला कसलीही सहानुभूती नाही.

आपल्या राज्याने इंधनभेसळीच्या धंद्याची फार मोठी किंमत मोजलेली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीत मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळ करणाऱ्या टोळीने जिवंत जाळलं. भरदिवसा, कर्तव्यावर असताना. त्याआधी २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीला एस. मंजुनाथ या तेल कंपनीच्या तरुण अधिकाऱ्याला भेसळीचा पंप रोखल्याबद्दल गोळ्या घातल्या गेल्या. पाण्याची तुलना मी त्या खुनांशी करत नाही. पण त्या दोघांनी ज्यासाठी जीव दिला ती गोष्ट एवढीच होती की नोझलमधून जे येतं ते खरं असावं. त्यानंतरही सरकारी यंत्रणेचं सगळं लक्ष रॉकेल आणि नॅफ्था मिसळणाऱ्यांवर राहिलं. इंधनाबद्दलचा २००५ चा केंद्राचा आदेश भेसळीची व्याख्या करताना बाहेरचा पदार्थ बेकायदा मिसळण्याबद्दल बोलतो. पाणी कुणी मिसळत नाही, ते “शिरतं”. आणि शिरण्याला कुणी जबाबदार नसतं, असा अर्थ सोयीने काढला जातो. त्या आदेशाने अधिकाऱ्यांना पंपात घुसून नमुना घ्यायचा, साठा जप्त करायचा हक्क दिलेला आहे, आणि हा हक्क पोलिस उपअधीक्षकापासून तेल कंपनीच्या सेल्स ऑफिसरपर्यंत अनेकांकडे आहे. रतलामला तो रात्रीत वापरला गेला. आमच्या वेळी का वापरला जात नाही, एवढंच मला विचारायचं आहे. पाण्याच्या तक्रारीवर २४ तासांत टाकीचा नमुना आणि तोवर त्या टाकीची विक्री बंद, हा नियम कागदावर एका ओळीत येतो. तो आल्याशिवाय बाकीच्या सगळ्या तपासण्या म्हणजे पुरावा नष्ट होण्याची वाट बघणं आहे.

भरपाईचा कायदा आहे, आणि तो आपण समजतो त्याहून धारदार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादन म्हणजे काय, तर घन, द्रव किंवा वायू, तिन्ही रूपांतली वस्तू त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. सदोष वस्तूमुळे दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ते त्यात बसतं. पेट्रोलमुळे गाडीचं नुकसान हे नेमकं तेच. विक्रेत्याने वस्तूची तपासणी आणि देखभाल करताना वाजवी काळजी घेतली नसेल तर तोही जबाबदार धरला जातो. टाकीत डिप न मारणं, चेंबरचं झाकण न बदलणं याला वाजवी काळजी कोण म्हणेल? या कायद्यात एक मोठी अडचण मात्र आहे. वस्तूतला दोष प्रयोगशाळेत तपासायचा असेल तर ग्राहक आयोग तक्रारदाराकडून फी भरून घेतो आणि प्रयोगशाळेला ४५ दिवस मिळतात. २० हजारांच्या बिलासाठी माणूस हे करत बसत नाही, गॅरेजचे पैसे भरून मोकळा होतो. तेल कंपन्यांचा सगळा हिशेब लोकांच्या या कंटाळ्यावर चालतो. माझी मागणी आहे की पाण्याच्या प्रकरणात सिद्ध करायचं ओझं पंपावर आणि कंपनीवर टाका. त्या दिवशीचं गेजचं रेकॉर्ड, डिपचं रजिस्टर, टँकरचं चलन त्यांनी आयोगापुढे ठेवावं. ठेवलं नाही तर पाणी त्यांचंच होतं असं धरावं.

तोवर ज्याची गाडी पंपातून निघून बंद पडेल त्याला मी सांगतो, गाडी चालू करायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, पाणी पुढे जातं. पंपाची पावती मागून ठेवा. त्यावर वेळ आणि नोझल असतो. टाकी खोलताना मेकॅनिकला दोन काचेच्या बाटल्यांत नमुना भरायला लावा, त्याचा व्हिडिओ काढा, बाटल्या सीलबंद करून शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या. जुने सुटे भाग टाकून देऊ नका, बिलावर “इंधनात पाणी” असं मेकॅनिककडून लिहून घ्या. त्याच दिवशी पंपावर लेखी तक्रार द्या, पोच घ्या, जिल्हा पुरवठा कार्यालयाला आणि कंपनीला प्रत पाठवा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तुमच्यामागोमाग त्याच पंपावरून निघालेली दुसरी गाडी कडेला उभी दिसली तर थांबा, तिच्या मालकाचा नंबर घ्या. “एकाची तक्रार नाही” हे वाक्य तिथेच खोटं पडतं. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी रिक्षा-टेम्पो चालवणाराही कायद्याने ग्राहकच आहे. आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोग अर्जाला एक रुपयाही फी घेत नाही.